पान एकोणतीस

सॉवर्बी ब्रिजच्या लायब्ररीत
काउंटरपाशी उभी राहून मी म्हणाले,
"असं पुस्तक द्या
ज्यात कोणाला मूल होत नाही."

डॉरीनने चष्मा कपाळावर सारला.
का, असं विचारलं नाही.
कपाटांमधून हिंडत राहिली खूप वेळ,
हे काढ, ते परत खोच,
नाही, यात शेवटी जुळी होतात, असं स्वतःशीच,
आणि घेऊन आली
दगडी कुंपणांवरचं एक जाडजूड पुस्तक:
चुना नाही, सिमेंट नाही,
नुसता दगडावर दगड कसा टेकवायचा.
"यात कोणीच जन्मत नाही, लव्ह," म्हणाली,
"एक मेंढी मरते. पण ती पान दोनशेनंतर."

निशिकांत रात्रपाळीला जायचा.
आईचा फोन यायचा, डिंकाचे लाडू पोचले का गं.
पोचले होते.
लाडू डब्यात, मी अंथरुणात,
पुस्तक पोटावर पालथं.

पान एकोणतीसच्या आकड्याखाली
पेन्सिलीचा त्रिकोण. तिळाएवढा.

म्हातारी माणसं करतात तसं, डॉरीन म्हणाली.
काय वाचलंय ते लक्षात राहत नाही,
मग ठरलेल्या पानावर ठरलेली खूण.
खूण दिसली की पुस्तक परत जागेवर.
"दंडच करायला हवा खरं तर,"
म्हणत तिने शिक्का मारला.

मी उलटं करू लागले.
पान एकोणतीस उघडायचं,
त्रिकोण असला तरच घ्यायचं.
त्रिकोणवालीने (बाईच असणार, मी ठरवून टाकलं)
खून वाचले होते ढीगभर,
बर्फात अडकलेली जहाजं,
मधमाश्या, घटस्फोट, लोणची टिकवायच्या रीती,
आणि तुरुंगातल्या एका पहारेकऱ्याची गोष्ट.
आधी त्याचा नुसता संताप आला.
आठवड्याने कालव्याकाठी चालताना
त्याच्या गुडघ्यांची काळजी करत होते.

फेब्रुवारीत एका कादंबरीत
पान एकशे बारावर, ध्यानीमनी नसताना,
पाळणा आला.
मिटलं. फ्रिजवर ठेवलं.
चार दिवस तिकडे पाहिलं नाही.
पाचव्या दिवशी वाटलं:
ती तर इथून गेलीये.
तिचंही काही असेल, किंवा नसेलही,
पण ती या पानातून चालत गेली,
पलीकडे निघाली,
आणि पुस्तक मुदतीत परत केलं.

गेले तिच्या मागोमाग,
ओट्याला टेकून, उभ्याउभ्याच,
एकशे तेरा, एकशे चौदा.
त्या रात्री आईला फोन लावला.
तिकडे पहाटेचे साडेतीन.
ती म्हणाली, "बोल."

पुढे पुढे त्रिकोण थरथरू लागले,
एखादी बाजू मिटायचीच नाही.
उन्हाळ्यात आलेल्या नव्या पुस्तकांत
तो कुठेच नाही.
मी विचारलं नाही. डॉरीननेही सांगितलं नाही.

परवा तसल्याच एका कोऱ्या एकोणतीसवर
मी काढला बारीकसा ळ,
इथे कोणाच्याच जिभेला न वळणारा.
ज्या शब्दाच्या शेवटी तो येतो
तो मला अजून मोठ्याने म्हणवत नाही.
शेवटचं अक्षर तेवढं लिहिता आलं.

"आता हा चष्मा कोणी काढलाय?"
डॉरीन, पान उजेडाकडे धरून.
असेल कुणीतरी, मी म्हटलं,
आणि पुढचं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं.