रोजचं एक वाक्य

नोव्हेंबरात इथे साडेतीनलाच टे नदी दिसेनाशी होते,
पुलापलीकडे डंडीचे दिवे तेवढे उरतात,
आणि टेबलावर दोन कागद.
डॉक्टर मॅकलेननबाईंनी हातानं लिहिलेले,
कारण छापील पत्रकं तू वाचत नाहीस,
त्यातले समास चुकलेत एवढंच सांगतोस.

आजार उलटला, असं मी वन्संना फोनवर म्हटलं.
दुसऱ्यांदा.
उलटला म्हणजे कसा, तू आतून विचारलंस,
होडीसारखा की पाळलेल्या कुत्र्यासारखा?

पहिला कागद:
तुझ्याच रक्तातल्या पेशी गाळून घ्यायच्या,
विमानानं पाठवायच्या, तिथं त्यांना ओळख शिकवायची,
परत आणून तुझ्यात सोडायच्या. एकदाच.
चार-पाच आठवडे जातात,
आणि काखेतली गाठ काही विमानाची वाट बघत बसणार नाही.
वर महिनाभर ग्लासगोत बिऱ्हाड,
मी तुला एकटं सोडायचं नाही,
तू आंघोळीला गेलास तरी कडी लावायची नाही.

दुसरा:
पोटात इंजेक्शन. येत्या मंगळवारी, इथेच, नाइनवेल्सला.
सुरुवातीला एखादी रात्र ठेवतील, मग बसनं घरी.
मग पुन्हा. मग पुन्हा.
लागू पडतंय तोवर.

दोन्हींवर दहा-दहा गोल, चार-चार रंगवलेले.
मी म्हटलं, मग सारखंच की.
नाही, बाई म्हणाल्या, हे दहा जण आणि ते दहा जण
एका रांगेत कुणी उभेच केले नाहीत अजून.
म्हणजे दोन दुकानांतली भेंडी, दोन तराजू,
आणि घरी येऊन मी विचारतेय, स्वस्त कुठली पडली?

मग मोराग नावाची नर्स समजावत होती:
पेशी परत दिल्या की रोज विचारू,
साल कोणतं, गाव कोणतं, हे हातात काय आहे,
शंभरापासून दहा-दहा कमी करत या,
आणि एक वाक्य लिहा. रोज तेच.
डोक्यावर परिणाम झाला तर आधी अक्षर सांगतं.
कुठल्या भाषेत, तू विचारलंस.
ती थांबली. मग म्हणाली, इंग्रजीत, म्हणजे आम्हाला कळेल.

पूल ओलांडेपर्यंत तू गप्प.
रात्री ड्रॉइंगची पेन्सिल काढलीस,
एकतीस वर्षं जहाजांचे नकाशे काढलेला हात,
आणि पहिल्या कागदाच्या पाठीवर लिहिलंस:
बायकोनं डाळ पुन्हा जाळली.

इंग्रजी वाक्य त्यांना. हे तुझ्याकडे, म्हणालास.
रोज लिहीन. ळ तपासायचा,
दोन्ही पोटं सारखी आली पाहिजेत.

तू झोपल्यावर मी कागद दिव्याखाली धरला.
मंगळवारला अजून चार दिवस आहेत.
दुसऱ्या ळ चं उजवं पोट जरासं बारीक आहे.
थंडीनं असेल.
सकाळी मी काही बोलले नाही,
डाळ धुवायला घेतली.