दहा वाजेपर्यंत

हेल्मेटात एक.
स्कूटरवरच्या ताडपत्रीच्या घडीत दोन.
मीटरच्या खोक्यामागे, हात पोचत नाही तिथं,
किती, ते वासानं सांगितलं.

सासूबाई उरणला, लेकीकडं, गुडघ्याची वाटी बदलून.
जाताना चाव्या दिल्या, पासबुक दिलं,
कोंबड्यांचं एवढंच म्हणाल्या:
"सातजनी हायेत. त्यांचं त्यांना ठावं."

करावे गावात आता अंगण म्हणजे
दोन इमारतींमधली साडेचार फुटांची फट.
तिच्यातून त्या खाडीकडं जातात,
चिपीच्या मुळांत दिवसभर चिखल उकरतात,
दिवेलागणीला बरोबर परत,
अंडं तेवढं कुठंतरी ठेवून.

मी तुर्भ्याच्या मार्केटातून आंब्याच्या पेट्या आणल्या, पाच.
खिळ्यांची टोकं ठोकून बसवली. आत भाताचा पेंढा.
पुढं पडदा, धाकटीच्या शाळेच्या जुन्या स्कर्टचा,
कारण अंधार लागतो म्हणे त्यांना.
बाळंतपणात मलाही दिवा नकोसा झाला होता.

पिंगीनं पेटीत डोकं घातलं,
एक मुंगळा खाल्ला,
आणि जाऊन पाण्याच्या टाकीमागं बसली.
तुरेवाली पेटीच्या माथ्यावर झोपली. हगलीही.

फोन लावला.
"जागा दाखवू नको गो," सासूबाई म्हणाल्या,
"कोंबरीला वाटाय पायजे, तिनंच शोधली."

दीर, जयदास, खारघरला गोल्फच्या मैदानावर गवत कापतो.
त्यानं हरवलेले चेंडू आणले खिशातून,
पांढरे, देवीचे वण असल्यासारखे.
एकेका पेटीत एकेक ठेवला.
लबाडीच ती.
पण सिडकोच्या प्लॉटवर आम्ही तरी
शेजारच्या चुलीचा धूर दिसल्यावरच राहायला गेलो.

मग दार. दहा वाजेपर्यंत उघडायचं नाही.
आठला कालवा. साडेआठला शिव्या.
वरच्या मजल्यावरचे भाडेकरू कुरियन गॅलरीत आले,
"मॅडम, कोणी मारतो का त्यांना?"
नऊला मी दाराला पाठ लावून तांदूळ निवडत बसले.
आतून चोची, बाहेरून सूप.

असे अकरा दिवस.
बाराव्याला आत गप्प.
पडदा जरासा सरकवला तर काळी तलंग,
जिच्याकडं माझं कधी लक्षच नव्हतं,
पंख सैल सोडून, डोळे अर्धे मिटून,
न बघता माझ्याकडं बघत होती.
मी पडदा सोडला.
तांदळातला खडा हातात तसाच राहिला.

नंतर चाचपलं.
ऊन ते एक, थंड ते एक.
थंड तिथंच ठेवलं.

उरणला अजून कळवलं नाही.
बाकीच्या सहा कळ काढतात,
दहाला दार उघडलं की टाकीमागं पळतात.
आणि जयदास हेल्मेट
घालण्याआधी उलटं करून झटकतो,
ऑफिसच्या लिफ्टपाशीसुद्धा म्हणे, कुणी दुसऱ्याचं दिलं तरी.