अंगठा येत नाही

बेलापूर. निबंधकाचं ऑफिस, दुसरा मजला.
पंख्याखाली वारस बसलेत:
दोन भाऊ, दोन भावजया,
गेलेल्या भावाचा मुलगा, कानात वायरी घालून,
आणि भिंतीकडच्या खुर्चीत मी.
चांगुणा, मयत पोशा जोमा घरत यांची मुलगी,
वय एकसष्ट, धंदा घरकाम.
कागदावर असंच आहे.

वकील भराभर वाचतो.
साडेबारा टक्क्यांतला भूखंड, क्रमांक पंचेचाळीस,
पूर्वेस रस्ता पंधरा मीटर, पश्चिमेस रस्ता अकरा,
दक्षिणेस भूखंड चव्वेचाळीस, उत्तरेस सेहेचाळीस.

आमची जमीन ही नव्हेच.
ती घणसोलीला केव्हाच रुळांखाली गेली.
हा तुकडा दुसऱ्याच कुणाच्या भातावर पडलाय,
आणि आमच्यावर कोण, काय माहीत.

आमची चतुःसीमा मला तोंडपाठ आहे:
पूर्वेस बांध, बांधावर बत्ती घेऊन बा.
पश्चिमेस खाडी.
दक्षिणेस आवडूकाकीचं आगर, तिच्याशी बोलायचं नाही.
उत्तरेस उघाडी,
अवसेला रात्री बाराच्या भरतीआधी
तिच्या फळ्या मी आणि बा खाली सोडायचो.
भाऊ निजलेले असत. त्यांना सकाळी शाळा.

तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते.
एवढं एकच गणित बानं कुणाला शिकवलं असेल तर मला.
शेवटच्या आठवड्यात तो सारखा विचारायचा,
पानी कती वाजता?
हे म्हणाले, भ्रमलाय.
मी वेळ सांगायचे. मग झोपायचा.

वकील आता त्या ओळीशी आलाय:
‘बंधुप्रेमापोटी, स्वखुशीने,
कोणताही मोबदला न घेता.’
इथे तो थांबून पाणी पितो.
माझ्या पिशवीत साडी आहे, काल वहिनीनं दिलेली.
किमतीची चिठ्ठी काढायची राहिलीय तिची.

‘मावशी, अंगठा.’
काचेवर ठेवते. लाल दिवा.
‘पुसा.’ पदराला पुसते. लाल.
‘दाबा जरा.’ लाल.
‘दुसरा बघू.’
तोही लाल.

कारकून माझा हात उलटा करतो,
भाकरी भाजली का बघावं तसा.
‘रेषाच नाहीत हो. काय काम करायच्या?’
मीठ ओढायचे, म्हणते. सातव्या वर्षापासून,
लग्नापर्यंत यांच्या आगरात, मग सासऱ्यांच्या.
आगरं बुजली, तेव्हा बर्फातली कोळंबी सोलली.

हिराजी कोमट पाणी घेऊन येतो.
‘थोरं भिजव गो बाय.’
लहानपणी मी याला कडेवर घेऊन बांध ओलांडलाय.
याचा हात थरथरतोय; खाली गाडीत बिल्डरचा माणूस आहे.
भिजवते. लाल.

नको म्हणाले नाही मी.
सही शिकले असते तर केली असती,
बहुतेक.
गप्प बसून बोट पुढे करत राहिले, एवढंच.

‘सोमवारी या,’ कारकून म्हणतो,
‘तोवर रात्री क्रीम लावा.’
भाचा वायर काढून विचारतो, झालं?

जिन्यात वहिनी माझी पिशवी धरते.
मी कठड्याला टेकून पायऱ्या उतरते.
आज सप्तमी.
सात पाऊण सव्वापाच.
‘काय पुटपुटतेस?’
काय नाय.
खालच्या घड्याळात पाच वाजून दहा.