साडेसहा पट

दोन कुप्या. दोन्हींत चिमूटभर पांढरी भुकटी,
एकीत साधा हायड्रोजन, दुसरीत जड.
डोळ्याला काहीच फरक दिसत नाही.
राइवो म्हणतो, जुळी आहेत, बाई.
असतील.
पण एकाच्या खिशात दगड आहे.

दोन्हींवर परमँगनेट ओतलं, घड्याळ दाबलं.
पहिल्या चंबूतला जांभळा रंग
चार मिनिटांत उतरला.
दुसरा बसून राहिला,
ताटावर रुसलेल्या पोरासारखा.
बाहेर एमायोगी नदी गोठलेली, हीटर कुरकुरतोय,
राइवोचा दुसरा चहाही संपला.
सव्वीस मिनिटं.

भुकटी खराब असेल, तो म्हणतो.
खराब नाही रे.
टेकडी तीच, दोघांनाही तीच ओलांडायची.
जड जो आहे, तो दरीत जरा खोल बसतो,
थरथरतो कमी.
त्याला तुटणं जड जातं, एवढंच.

मग दगड दुसरीकडे ठेवून पाहिला,
ऑक्सिजनच्या हातात.
चार मिनिटं, थोडी वर.
म्हणजे तुटतं ते तिथे नाही.
दगड ठेवल्यावर जिथे पाऊल अडतं,
तुटायचं ते तिथेच.
वहीत हे एका ओळीत मावलं. राइवोनं खाली सही केली.

आई मार्च एकोणपन्नासची गोष्ट
एका दमात सांगायची:
पहाटेचे चार, दोन शिपाई, त्यातला एक ओळखीचा,
तासाभरात आवरा,
बटाट्याचं पोतं, शिवणयंत्राचं फक्त डोकं,
मालगाडीचा डबा, कोपऱ्यात सगळ्यांची मिळून एक बादली,
उरलपलीकडचं बर्फ.
बादलीपाशीसुद्धा आवाज अडखळला नाही कधी.
फक्त
"मग मी दाराला कडी लावली"
इथे एकेक शब्द
वेगळा
यायचा.

थकली असेल, असं वाटायचं.
मोठेपणी मी तीच गोष्ट वेगवेगळ्या दिवशी काढली,
लोणच्यासाठी काकड्या चिरताना, एकदा तापात,
एकदा मुद्दाम बर्फापासून उलटी.
दरवेळी कडीपाशी.

त्या पहाटे मी तिच्या पोटात होते.
मला ते घर माहीत नाही.

चंबू घासले. बोटांवर तपकिरी डाग, आठवडाभर राहतील.
राइवो विचारतो, आकडा काय लिहू?
साडेसहा पट, मी म्हणते.

आत कोण होतं,
ते मी अजून विचारलेलं नाही.