दहा पाऊण साडेसात

मार्गशीर्ष वद्य दशमी.
दहा पाऊण साडेसात,
म्हणजे साडेसातला खाडी काठोकाठ.
हा हिशेब मला करावे गावच्या चांगुणा कोळणीनं दिला:
तिथीची पाऊन कर, पानी तुज्या दारान.
पाऊणकी पाठ होती चौथीपासून.
ती समुद्रालाही पाठ आहे
हे कळायला एकसष्टावं लागलं.

सहा वाजता बांधावर आम्ही तिघं.
मी, कानाला मफलर.
झैनब, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, गळ्यात दुर्बीण.
आणि तिचा मामा, रिक्षा लावून
मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपलेला.
तिवरांपलीकडे टॉवरांचे लाल दिवे अजून जागे.
पाम बीच रोडच्या वर
चंद्राची एक फोड उरलेली.

आधी आवाज येतो,
ओल्या चादरी कुणी झटकाव्यात तसा.
मग लांबचा चिखलच उठून उडू लागतो,
आणि वळताना कळतं
की चिखलालाही पांढरं पोट असतं.
टिलवे. त्यांच्यामागे तुतारी.
शेकाटे, स्वतःच्याच पायांना घाबरल्यासारखे.
मालगुजे सगळ्यात शेवटी उतरतात,
लांब चोच पाठीच्या पिसांत खोचतात
आणि एका पायावर उभे राहतात,
दुसरा पाय सायबेरियात विसरून आल्यासारखे.

"काका, मालगुजे अंदाजे दोनशे लिहू?"
थांब.
एक एक करून एकशे अठ्ठ्याऐंशी.
तेवढ्यात भोवत्या वरून गेला,
सगळं तळं उडालं, फिरलं, पुन्हा बसलं.
पुन्हा पहिल्यापासून.
एकशे एक्क्याण्णव.
"तीन कुठून आले?"
होतेच. मी चुकलो होतो.

एकतीस वर्षं पावण्याच्या कंपनीत
नाल्याकाठच्या खोलीतलं रजिस्टर माझ्याकडे होतं.
सांडपाण्याची आम्लता, सकाळ-संध्याकाळ.
ज्या दिवशी चार पूर्णांक सात यायचं
त्या दिवशी सात पूर्णांक चार लिहायचं.
खोटं म्हणावं तर आकडे तेच दोन,
फक्त पाट बदलून बसलेले,
पंगतीत बसतात तसे.
खाली माझी सही.
सही मात्र नेहमी खरी, वळणदार.
नाला पुढे कुठे जातो
कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

नाला इथे येतो.

नऊनंतर पाणी ओसरू लागलं.
पाखरं एकेक थवा करून उघड्या चिखलाकडे निघाली,
कुणी घंटा दिली नव्हती.
मांडीपर्यंत चिखलात चांगुणा,
कमरेला टोपली, हात बिळात कोपरापर्यंत.
"पाखरां काय मोजताव, पाखरां जातान.
निवट्या मोजा. निवट्या हितंच रातान."
मोजल्या तिच्या टोपलीतल्या.
सात.
"पयले शंबर गावायच्या," ती म्हणाली,
माझ्याकडे न बघता,
आणि पुढच्या बिळात हात घातला.

मी तिला कधी सांगितलेलं नाही
मी कुठे कामाला होतो.

झैनबनं पिशवीतून पेनएवढं मीटर काढलं,
काठाच्या पाण्यात बुडवलं, माझ्यापुढे धरलं.
"काका, वाचा ना, माझ्या डोळ्यांवर ऊन येतंय."
माझ्या डोळ्यांवर ऊन नव्हतं.
तरी म्हणालो, तूच वाच.
तिनं तळहाताची सावली केली, वाचलं,
वही गुडघ्यावर घेतली.
मी आकडा ऐकला नाही.
तिचं पेन कोणता अंक आधी लिहितं
तेवढंच बघत राहिलो.

रिक्षात मामा उठून बसला होता,
आरशात बघून केस चापत.
"किती झाले?"
झैनबनं वही उघडलीसुद्धा नाही.
"दोनशेला नऊ कमी."