वरचा मजला

माझं छत म्हणजे त्यांची जमीन.
बफेलोच्या पूर्वेकडच्या या गल्लीत
घरं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली:
दोन दारं, दोन मीटर, तळघर एकच.

बँकेतल्या बाईंनी कागदावर गोल काढला होता,
तुमचा पगार अधिक वरचं भाडं.
शाळेच्या स्वयंपाकघरात मी रोज चारशे ताटं वाढते,
पण कर्ज मंजूर झालं ते
अजून न आलेल्या भाडेकरूच्या भरवशावर.
सही करताना मनात म्हटलं, येशील ना रे बाबा.

आला. सॉ एह डोह, बायको, दोन मुलं, एक म्हातारी,
आणि तांदळाची पोती एवढी
की जिन्याची मला काळजी वाटली.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मी म्हणते, भाड्यानं देऊन पाहावं.
हप्ता नऊशे बारा, भाडं नऊशे पन्नास.
मधल्या अडतीस डॉलरांवर माझी श्रीमंती,
त्यातच छप्पर, पन्हळ, विमा,
फुटपाथवरचा बर्फ न उपसल्याचा दंड,
आणि ऑगी प्लंबर, जो नुसता शिंकला तरी शंभर लावतो.
समोरची विल्मा म्हणाली, मालकीणबाई झालीस, आता काय!
आता काय, ते बॉयलरला विचार.

जानेवारी. उणे एकोणीस. रात्रीचे दोन.
वरून तीन ठोके.
करारात असं काही नव्हतं,
तरी मी कोट चढवून तळघरात उतरले.
तो बॅटरी धरून उभा, मी गुडघ्यांवर.
ऑगी फोनवर जांभई देत म्हणाला, नवाच बसवा. सहा हजार.
गंगाजळीत अकराशे चाळीस.

एह डोहनं बराच वेळ आत पाहिलं.
छावणीत असताना तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा.
म्हणाला, हा एवढा तुकडाच गेलाय.
सकाळी दुकान उघडल्यावर अठ्ठावीस डॉलर,
आणि ज्योत पेटली, निळी, करंगळीएवढी.
तोवर त्यांची म्हातारी माझ्या स्टोव्हपाशी बसून होती,
आमच्यात एकही सामाईक शब्द नव्हता.

आणि त्याच माणसाला मार्चमध्ये मी चिठ्ठी लिहिली:
विमा वाढला आहे, भाडं चाळीसनं वाढेल.
तीनदा लिहिली. दोनदा फाडली.
तो म्हणाला, ठीक.
त्यानंतर आठवडाभर वरची पावलं हलकी पडत होती,
किंवा मला तसं वाटलं.

मे महिन्यात तो कागद घेऊन खाली आला.
तीच बँक, त्याच बाई, तोच गोल.
दोन गल्ल्या पलीकडे असंच घर, खाली ते राहणार.
"वर कोण?"
"अजून माहीत नाही."
मी हसले. मग हसू थांबेना.
त्यानं विचारलं, बाजूला किती ठेवायचे,
ऑगीवर विश्वास ठेवावा का,
भाडं वाढवायची चिठ्ठी कशी लिहितात.
शेवटच्या प्रश्नावर मी चहा ठेवायला उठले.
परत आले ती माझी वही घेऊनच,
पावत्या टोचून टोचून जाड झालेली. दिली त्याला.

ते गेल्यावर रंग द्यायला वर गेले.
खिडकीखाली फळीवर बारीक खळगे,
मिरची कुटायच्या बत्त्याचे. ठोके तिथूनच पडायचे.
अनामतीतून फळीचे पैसे कापता येतात.
पूर्ण चेक लिहिला, आणि त्या रात्री झोप नाही लागली,
भल्या मनानं नव्हे, हिशेबानं.

एक तारखेला हप्ता गेला. वर कुणीच नव्हतं.
पुढच्या एक तारखेलाही गेला.
मावशीच्या बांगड्या एकदा काढून पाहिल्या,
परत ठेवल्या.

ऑगस्टमध्ये रात्री फोन वाजला.
एह डोह. आवाज दबका, तळघरातला.
"वरचा माणूस ठोकतोय. पाच ठोके.
पाच म्हणजे काय?"

वही तुझ्याकडे आहे, मी म्हटलं,
आणि कोट शोधू लागले.
ऑगस्टमध्ये.