प्रश्न सतरावा

ओरुरोत जूनमध्ये शाईसुद्धा गारठते.
शाळेच्या मागच्या खोलीत माझं टेबल, एक हीटर,
आणि साठ प्रश्नांची छापील चाचणी:
कोणी कोणती शाखा घ्यावी, याची.

नाइरा कोंदोरीने ती परत दिली
उत्तरांऐवजी दुरुस्त्या करून.
‘तुम्हाला काय अधिक आवडतं:
अ) माणसं, की ब) आकडे?’
या सतराव्यापुढे बारीक अक्षरात:
आई बाजारात बटाटे विकते.
गिऱ्हाईक बघून ती वजन सांगते
आणि वजन बघून गिऱ्हाईक ओळखते.
यात अ कुठे संपतो?

तिची आई, दोन्या सातुर्नीना, म्हणाली होती,
‘पोरगी शब्दाचा कीस पाडते, प्रोफे.
जेवताना, झोपताना, मिस्सा चालू असताना.
अशीला कोण नोकरी देणार?’

मी यादी वाचली: हिशेबतपासनीस,
विमागणिती, खाण-अभियंता, प्रयोगशाळा.
यादी माझी पाठ आहे. एकोणीस वर्षं
चौकस मुलांच्या ताटात मी तीच वाढतो,
शिळी आहे हे न सांगता.

ती म्हणाली, ‘तुमचं ऐकलेल्यांपैकी
किती जणांचं बरं चाललंय?’

माझ्याकडे आकडा नव्हता.

मग तीन आठवडे, रोज दुपारी, ती कपाट उपसत बसली.
जुने अर्ज, पुसट फोननंबर,
मधूनच कोणाच्या तरी मावशीशी लांबलचक बोलणं.
दोनशे बारापैकी एकसष्ट सापडले.
माझं ऐकलेले, न ऐकलेले,
सुखी साधारण सारखेच.

मी हिरमुसलो. ती नाही.
‘थांबा,’ म्हणाली, ‘जे सापडले नाहीत
त्यांच्याबद्दल आपण काहीच बोलू शकत नाही.
आणि सुखी म्हणजे काय, ते मी नीट विचारलंच नव्हतं.
एक बाई “सुखी” म्हणाली आणि रडली.
ते मी कुठल्या रकान्यात लिहू?’

हीटर टकटकत होता.
एवढ्या वर्षांत त्या खोलीत
इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता,
मीही नाही.

अर्जावर तिने लिहिलं ‘संख्याशास्त्र’, शिसपेन्सिलीने,
त्याखाली ‘किंवा’, आणि पुढे जागा मोकळी.
खोडरबर मागितला नाही.
चाचणीचा एक कोरा कागद मात्र मागून नेला.
‘आईला विचारून बघते,’ म्हणाली दारातून,
‘सतरावा सगळ्यात शेवटी.’